मुशीचें भय आणि पाणबुड्यांचें ज्ञान

कोंकणांत जिला मुशी म्हणतात आणि शाळेंतील मुलें जिला शार्क म्हणून ओळखतात, त्या माशाविषयीं आज दोन शब्द सांगावयाचे आहेत. पनवेलसारख्या खाडीकांठच्या गांवाला हा मासा परका नाहीं. लहान मुशी येथें मोरी या नांवानें बाजारांत येते. तिचें कालवण आवडीनें खाल्लें जातें, आणि बाळंतिणीस दूध यावें म्हणून ती मुद्दाम देण्याची चालही आहे. मौज अशी कीं, ताटांत इतका प्रिय असलेला हा मासा पाण्यांत मात्र यमदूत मानला जातो. हें भय कोठून आलें, आणि तें ओसरूं लागलें तें कोणामुळें, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

या भयाचें मूळ आपण समुद्र कोठून पाहिला यांत आहे. हजारों वर्षें मनुष्यानें तो वरूनच पाहिला. गलबतावरील खलाशाला दिसे तो लाटा कापीत जाणारा पाठीवरचा पर. किनाऱ्यावरील कोळ्याला दिसे तो जाळ्यांत तडफडणारा, दांत विचकलेला मासा. मोत्यांसाठीं बुडी मारणारे पाणबुडे होते खरे. पण एका श्वासांत जेवढें दिसेल तेवढेंच त्यांचें दर्शन. १८३७ च्या सुमारास ऑगस्टस सीबे यानें इंग्लंडांत धातूच्या शिरस्त्राणाचा पोशाख सिद्ध केला. मनुष्य आतां पुष्कळ वेळ पाण्याखालीं राहूं लागला. परंतु वरच्या होडीशीं तो नळीनें जखडलेलाच होता.

अशा शिरस्त्राणाचा उपयोग विल्यम बीब या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञानें समुद्रांतील जीव पाहण्याकडे केला. १९२५ सालीं ‘आर्क्टुरस’ जहाजांतून तो प्रशांत महासागरांत गेला. त्या प्रवासांत त्यानें कोकोस बेटालाही भेट दिली. कोस्टारिकाच्या किनाऱ्यापासून सुमारें साडेपांचशें किलोमीटर दूर असलेलें हें अरण्यमय बेट मोठ्या मुश्यांकरितां प्रसिद्ध आहे. पुढें १९३९ मध्यें हान्स हास हा ऑस्ट्रियाचा तरुण कॅरिबियन समुद्रांत कॅमेरा घेऊन मुश्यांमध्यें पोहला. अंगावर धांवून येण्याऐवजीं त्या बहुधा दूरच राहतात, असें या मंडळींना दिसून आलें.

खरी क्रांति झाली ती १९४३ सालीं, फ्रान्समध्यें. झाक-ईव्ह कूस्तो हा नौदलाचा अधिकारी आणि एमिल गान्यां हा यंत्रज्ञ या दोघांनीं एक झडप तयार केली. पाण्यांत दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून वरच्यासारखी साधी हवा तेथें छातींत ओढतां येत नाहीं. या झडपेची करामत अशी कीं, पाठीवरच्या नळकांड्यांतील हवा भोंवतालच्या पाण्याइतक्याच दाबानें, आणि श्वास घेतांच, तोंडांत येते. होडीची नळी सुटली. मनुष्य माशासारखा मोकळा झाला. पुढें कोकोसच्या पाण्यांत हातोड्यासारख्या डोक्याच्या शेंकडों मुश्यांचे थवे पाणबुड्यांनीं पाहिले. बारीक मासे त्यांच्या अंगावरील जीवजंतु टिपून खातात, आणि तेवढा वेळ हे बलाढ्य जीव शांत राहतात, हेंही त्यांना दिसलें. १९९७ मध्यें युनेस्कोनें त्या बेटाला जागतिक वारशाचा मान दिला.

आपल्याकडे असें कांहीं आहे काय? आहे, फक्त तें पाण्याखालीं आहे. विजयदुर्गापासून सुमारें १०५ किलोमीटरवर एक बुडालेलें प्रवाळ बेट आहे. लांबी सुमारें ४० किलोमीटर, रुंदी १५, आणि माथा वीस मीटर पाण्याखालीं. १७२९ सालीं निवर्तलेल्या कान्होजी आंग्र्यांच्या नांवावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. त्यांच्या नांवाचें हें बेट कोंकणी माणसाला शतकानुशतकें दिसलेंच नाहीं! डिसेंबर २०१९ मध्यें संशोधकांची एक मोहीम तेथील जीवसृष्टीची नोंद करण्यासाठीं गेली. इकडे मालवणजवळ तारकर्लीस पाणबुडीविद्येचें रीतसर शिक्षण मिळूं लागलें. आपल्या मुलांना समुद्र आंतून पाहण्याची सोय झाली.

परंतु डोळे उघडत असतांनाच पाहावयाचें तें नाहींसें होत आहे. १९४० मध्यें जर्मनीनें नॉर्वे घेतला, कॉड माशाच्या तेलाची आयात थांबली, आणि त्याऐवजीं मुशीच्या यकृताचें तेल आपल्या देशांत निघूं लागलें. तो औषधाचा प्रश्न होता. पुढें मात्र पंखांच्या परदेशी व्यापारानें कहर केला. जगांत मनुष्याच्या हातून वर्षाकाठीं सुमारें दहा कोटी मुश्या मरतात, असा २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. उलट विनाकारण हल्ला करून मुशीनें घेतलेले बळी जगभरांत वर्षाला दहाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतात. सुरमई, बांगडा लाखों अंडीं घालतात. मुशी वयांत येतेच उशिरां, आणि बहुतेक जातींना पिलें थोडींच होतात. ही हानि भरून कशी यावी?

मुशी अगदींच निरुपद्रवी, असें मात्र मी म्हणणार नाहीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें पालघर जिल्ह्यांत मनोरजवळ वैतरणेच्या खाडींत एका तरुणाच्या पायाचा मुशीनें लचका तोडला. ती मुशीही पुढें मेलेली आढळली. अशा प्रसंगीं सावधगिरी हवी. पण एका घटनेवरून साऱ्या जातीला दोषी धरणें न्यायाचें नव्हे.

सर्वांत मोठी मुशी म्हणजे व्हेल शार्क. ती पाण्यांतील सूक्ष्म जीव गाळून खाते. गुजरातच्या किनाऱ्यावर तेल आणि मांसासाठीं तिची बेसुमार शिकार होई. २००१ मध्यें कायद्यानें तिला संरक्षण मिळालें. पण नुसत्या कायद्यानें मन पालटत नाहीं. २००४ पासून मोरारीबापूंनीं तेथील कोळ्यांना सांगितलें कीं, ही माहेरीं बाळंतपणाला येणारी लेक आहे. मग स्वतःचें जाळें कापून शेंकडों व्हेल शार्क तेथील कोळ्यांनीं सोडून दिल्या. महाराष्ट्रांतही डिसेंबर २०१८ पासून, संरक्षित जीव सोडण्यासाठीं जाळें कापणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना सुरू झाली.

कोळ्याच्या घरांत जाळ्याची किंमत काय असते, हें खाडीकांठच्या माणसाला सांगावयास नको. तें जाळें कापावयास तो तयार होतो. मग आपण, घरांत बसून मासळी घेणाऱ्यांनीं, काय करावें? निदान हातभर लांबीचीं मोरीचीं पिलें टोपलींत दिसलीं, तर तीं घेऊं नयेत. मागणी नसली कीं तीं धरण्याचा मोहही कमी होईल, आणि मोठी होण्यास त्यांतील कांहीं तरी समुद्रांत उरतील.