हिवाळा म्हणजे म्हातारपण? थांबा, आधी चित्र बघा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एक तक्ता केला होता. डाव्या रकान्यात ऋतू, उजव्या रकान्यात आयुष्याचा टप्पा. वसंत म्हणजे बालपण, उन्हाळा म्हणजे तारुण्य, शरद म्हणजे प्रौढपण, हिवाळा म्हणजे म्हातारपण. विषय होता युरोपातल्या आधुनिक मुद्राचित्रांमधली ऋतूंची प्रतीकं. तक्ता इतका नीटनेटका झाला होता की प्रकरण जवळपास लिहून झालंच, असं मला वाटलं. गाईडनी तो पाहिला, मी सोबत नेलेल्या चित्रांपैकी एकावर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "यातली हिवाळ्याची बाई म्हातारी कुठेय?"

ते चित्र होतं अल्फॉन्स मुखाचं. १८९६ साली पॅरिसमध्ये शाँपन्वा या मुद्रकाने मुखाची 'ऋतू' ही चार उभ्या चित्रांची मालिका छापली. यातला हिवाळा म्हणजे बर्फाने लदलेल्या फांद्यांजवळ उभी असलेली, अंगभर वस्त्र लपेटलेली बाई. हातातल्या इवल्याशा पाखराला ती ऊब देतेय. आता बाकीच्या तिघींकडे बघा. वसंत, केसात खसखशीची फुलं माळलेला उन्हाळा, द्राक्षं तोडणारा शरद. चौघी तरुणच आहेत. ऋतू चार, वय एकच!

मग माझा तक्ता आला कुठून? पुस्तकांतून. ऋतू आणि वय यांची सांगड युरोपात फार जुनी आहे. रोमन कवी ओव्हिडने 'मेटॅमॉर्फोसिस'च्या पंधराव्या सर्गात पायथागोरसच्या तोंडी ती घातली आहे. मी ही परंपरा वाचली होती आणि तीच चित्रावर डकवून मोकळा झालो होतो.

मुखाने ती सांगड का मोडली असेल? याचं उत्तर प्रतीकांच्या कोशात सापडत नाही, छापखान्यात सापडतं. ही चित्रं रंगीत लिथोग्राफ आहेत. या तंत्रात तेलकट खडूने किंवा शाईने दगडावर चित्र काढतात आणि साधारणपणे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरतात. आपल्याकडे मुंबईत १८९४ साली सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसची चित्रंही याच जातीची. एकदा दगड तयार झाले की प्रती पुष्कळ निघतात, किंमत खाली येते आणि तैलचित्र न परवडणाऱ्या घरातही चित्र लागतं. मुखाची मालिका अशाच भिंतींसाठी, सजावटीची म्हणून काढलेली होती. पाहुण्यांच्या खोलीत थकलेली म्हातारी कोण टांगणार? ही माझी अटकळ आहे, पुरावा नव्हे. पण मालिका चालली आणि मुखाने पुढे ऋतूंवर आणखी मालिका केल्या, ही नोंद आहे. ऋतू फिरून फिरून येतात, म्हातारपण मात्र एकदाच येतं. विकायला सोपं कुठलं, ते तुम्हीच ठरवा.

आता उलटं उदाहरण बघा. नॉर्वेचा एडवर्ड मुंक. 'स्त्री' हा विषय त्याने १८९४ साली रंगवला, १८९५ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरला आणि १८९९ साली लिथोग्राफमध्ये पुन्हा घेतला. पांढऱ्या वस्त्रातली, समुद्राकडे बघणारी मुलगी. मधे डोक्यामागे हात घेतलेली, थेट आपल्याकडे बघणारी नग्न स्त्री. आणि एक काळ्या कपड्यातली, विझलेली. इथे पानगळ नाही, बर्फ नाही, ऋतुचक्रच नाही. मग वय कशातून कळतं? पत्र्यावरच्या त्या चित्रात रंगच नाहीत. कोरा कागद आणि शाई, एवढंच. कागद मोकळा ठेवला की कोवळेपण, शाई दाटली की शेवट. जे काम मी ऋतूंकडून करून घेत होतो, ते मुंक शाईकडून करून घेतो.

पण इथेही सावध राहा. या चित्राचं एक नाव 'स्त्रीच्या तीन अवस्था', तर दुसरं 'स्फिंक्स'. पहिलं नाव वाचलं तर तीन वयं दिसतात. दुसरं वाचलं तर एकाच बाईची तीन रूपं, तीही एका धास्तावलेल्या पुरुषाला दिसलेली. म्हणजे 'आयुष्याचे टप्पे' हा शब्दप्रयोग करतानाही कुणाचं आयुष्य आणि कुणाच्या नजरेतून, हे विचारावं लागतं.

तिसरं चित्र माझ्या तक्त्यात नव्हतंच, कारण त्यात एकही ऋतू दिसत नाही. बर्लिनच्या केथे कोल्विट्झचा हा शेवटचा लिथोग्राफ, १९४१-४२च्या हिवाळ्यातला. ती तेव्हा ७४ वर्षांची होती. एक वयस्क बाई दोन्ही हात पसरून उभी आहे आणि तिच्या कोटाखालून तीन मुलगे बाहेर डोकावताहेत. शेत नाही, कणीस नाही. ऋतू आहे तो शीर्षकात: पेरणीचं बियाणं दळायचं नसतं.

हे शब्द मूळचे गटेचे. कोल्विट्झचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४मध्ये युद्धात मारला गेला, अवघ्या १८व्या वर्षी. १९१८च्या ऑक्टोबरात कवी रिचर्ड डेमेलने शेवटपर्यंत लढायची हाक दिली, तेव्हा तिने वर्तमानपत्रात जाहीर उत्तर देताना हेच शब्द वापरले होते. पुढच्या युद्धात तिने तेच चित्राला दिले. १९४२च्या सप्टेंबरात तिचा नातू युद्धात गेला. त्याचंही नाव पीटर.

घरात कितीही ओढ असली तरी पुढच्या हंगामाचं बी जात्यात घालायचं नाही, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या तक्त्यात म्हातारपण म्हणजे हिवाळा, म्हणजे अखेर. इथे म्हातारी अखेर नाही, ती राखणदार आहे. ऋतूंचा क्रम माणसांनीच मोडलाय. जे पेरायचं होतं तेच दळलं जातंय आणि ती आडवी उभी आहे. माझ्या रकान्यात तिला बसवलं असतं तर चित्राचा अर्थच मेला असता.

तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल तर माझी चूक करू नका. तक्ता जरूर करा, पण चित्रं बघून झाल्यावर. प्रत्येक चित्रासमोर आधी लिहा: प्रत्यक्ष काय दिसतं, कसं छापलंय, कुणासाठी छापलंय, शीर्षक काय आणि ते कुठून आलं. 'प्रतीक' हा रकाना सगळ्यात शेवटी ठेवा, आणि तो काही वेळा रिकामा राहिला तरी घाबरू नका.

माझा जुना तक्ता अजून टेबलासमोर चिकटवलेला आहे. 'हिवाळा'पुढचं उत्तर खोडून तिथे मी गाईडचा प्रश्न लिहून ठेवलाय.