तबकडीवर नसलेले नाव

ध्वनिमुद्रिकेची तबकडी हा इतिहासाचा दस्तऐवज मानावा काय? मानावा, पण ती कोणी काढली आणि तिच्यावरचा मजकूर कोणी ठरवला, हे विचारल्याशिवाय कोणत्याही कागदाप्रमाणे तिच्यावरही विसंबता येत नाही. अमेरिकेतील ‘रॉकेट ८८’ या १९५१ सालच्या तबकडीचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. रॉक अँड रोलची पहिली तबकडी कोणती, या वादात हिचे नाव हमखास घेतले जाते. तो वाद सुटणारा नाही. आपला प्रश्न त्याहून साधा आहे. या तबकडीत जी गिटार फाटक्या, घरघरत्या आवाजात सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणे ओढत नेते, ती कोणी वाजवली?

प्रथम तबकडीचीच साक्ष घेऊ. शिकागोच्या चेस कंपनीने ती प्रसिद्ध केली. तिच्यावर नाव आहे ‘जॅकी ब्रेन्स्टन अँड हिज डेल्टा कॅट्स’. वस्तुतः हा वाद्यवृंद ब्रेन्स्टनचा नव्हता. तो होता मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल गावच्या आयक टर्नरचा ‘किंग्ज ऑफ रिदम’. ब्रेन्स्टन त्यात सॅक्सोफोन वाजवणारा. हे गाणे त्याने गायिले, एवढेच. त्याच बैठकीतली टर्नरने गायिलेली गाणी चेसने टर्नरच्या नावावर काढली, यावरूनही वृंद कोणाचा हे कळते. म्हणजे तबकडीची पहिलीच नोंद दिशाभूल करणारी निघाली. गिटारवाल्याबद्दल तर ती अवाक्षर काढत नाही.

मग अनेकांनी सोपा तर्क केला: वृंद टर्नरचा आणि टर्नर तर नामांकित गिटारवादक, तेव्हा गिटार त्याचीच असणार. पण हा तर्क कालक्रम उलटा धरतो. टर्नर गिटारकडे वळला तो नंतर. १९५१च्या मार्चमध्ये एकोणीस वर्षांचा टर्नर पियानोवर बसला होता, आणि गाण्याच्या आरंभी ठळकपणे ऐकू येतो तो हाच पियानो. पुढे जो मोठा झाला त्याच्या खात्यावर मागचे सारे काम जमा करायचे, ही इतिहासलेखनाची जुनी खोड आहे.

गिटार वाजवली ती विली किझार्टने. वाद्यवृंदातील माणसांच्या आठवणी आणि ध्वनिमुद्रणाच्या नोंदी जुळवणाऱ्या अभ्यासकांच्या याद्या यावर एकमत दाखवतात. रेमंड हिल टेनर सॅक्सोफोनवर, विली सिम्स ड्रमवर, विली किझार्ट गिटारवर. ही मंडळी क्लार्क्सडेलहून हायवे ६१ ने सुमारे ७५ मैलांवरच्या मेम्फिसला, सॅम फिलिप्सच्या मुद्रणशाळेत आली. वाटेत गिटारचा अॅम्प्लिफायर बिघडला. तो गाडीवरून पडला असे एक सांगतो, पावसाने भिजला असे दुसरा. फिलिप्सच्या सांगण्यानुसार फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम चालवले गेले. साक्षी तपशिलात भिन्न आहेत, पण गाभ्यात एक आहेत. आणि तिसरी साक्ष आपल्या कानांची. पियानोच्या डाव्या हाताने वाजवायची बूगी-वूगीची चाल किझार्ट गिटारच्या खालच्या तारांवर वाजवतो आहे, आणि प्रत्येक सूर फाटून बाहेर येतो आहे.

एका पोराच्या मोडक्या यंत्राचा हा आवाज. १९६२ साली तशा फाटक्या आवाजासाठी ‘फझ-टोन’ नावाची पेटी बाजारात आली आणि मग तो आवाज दुकानात विकत मिळू लागला. गरिबाघरची अडचण श्रीमंताघरची शैली व्हावी, हे आपल्या वाचकाला नवे नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. साथीदारांची नावे तेव्हा कोणाचीच छापत नसत, गोऱ्यांचीही नाही. हे खरे आहे. बिल हेलीच्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’मधील गाजलेली गिटार डॅनी सेड्रोन या गोऱ्या वादकाने एप्रिल १९५४ मध्ये वाजवली. जूनमध्ये तो वारला. गाणे जगभर गाजले १९५५ मध्ये, तेव्हा हेलीच्या वृंदात गिटार फ्रॅनी बीचरच्या हाती होती. राबणाऱ्याचे नाव गिळण्यात धंदा रंग पाहत नव्हता. कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव असते, गवंड्याचे नसते, तसेच हे.

पण धंदा रंग पाहत नसला तरी बाजार पाहत होता. ज्या यादीत ‘रॉकेट ८८’ १९५१ च्या जूनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, तिला १९४९ पर्यंत ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ झाले. कृष्णवर्णीयांची यादी निराळी ती निराळीच राहिली. त्याच वर्षी त्याच बिल हेलीने हेच गाणे गाऊन स्वतःची तबकडी काढली. फिलिप्सने १९५२ मध्ये सन कंपनी उभारली आणि १९५४ मध्ये त्याच मुद्रणशाळेत एल्विस प्रेस्लीचे पहिले गाणे काढले. सेड्रोनवर अन्याय झाला तो एक कामगार म्हणून. किझार्टवर कामगार म्हणून झाला, आणि वर त्याच्या समाजाचे संगीत दुसऱ्यांच्या नावाने ‘नवे’ ठरले. हे दोन अन्याय वेगळे ओळखले नाहीत तर पहिल्याचे नाव घेऊन दुसरा झाकला जातो.

२०१८ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने ‘रॉकेट ८८’ चा सन्मान केला. नाव तेच, तबकडीवरचे. सदुसष्ट वर्षांनंतरही चेस कंपनीने छापलेले लेबलच प्रमाण ठरले. म्हणून गिटार कोणाची हा प्रश्न हौशी माणसाची करमणूक नाही. ज्यांच्याजवळ छापखाना नव्हता त्यांचा इतिहास सोबत्यांच्या आठवणींतून, जुळवलेल्या नोंदींतून आणि खुद्द कामाच्या खुणांतून लिहावा लागतो. किझार्टचे नाव असेच मिळाले. ते ‘रॉकेट ८८’ च्या पुढे लिहिले जाईपर्यंत ती नोंद अपुरीच आहे.