पेनिसिलीन : एक सामाईक ठेव

फेब्रुवारी १९४४ मधील गोष्ट. पुण्याच्या आगाखान महालात, स्थानबद्धतेत असतानाच, कस्तुरबा अत्यवस्थ झाल्या होत्या. पेनिसिलीन हे औषध त्या काळी आपल्या देशात इतके दुर्मीळ होते की, पुत्र देवदास गांधी यांना ते कलकत्त्याहून विमानाने आणवावे लागले. परंतु त्यासाठी दर काही तासांनी सुई टोचावी लागेल असे कळताच गांधीजींनी त्यास संमती दिली नाही. २२ फेब्रुवारीस कस्तुरबांचे देहावसान झाले.

त्याच पुण्यानजीक पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. विमानाने आणावयाचे औषध अकरा वर्षांत घरचे झाले! दुर्मिळतेचा प्रश्न सुटू लागला. मात्र विपुलतेचा प्रश्न पुढे उभा राहिला.

या प्रश्नाची सूचना खुद्द पेनिसिलीनच्या जनकाने आधीच दिली होती. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकप्रसंगीच्या भाषणात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एका कल्पित गृहस्थाची कथा सांगितली. घसा दुखतो म्हणून हा गृहस्थ स्वतःच पेनिसिलीन आणतो आणि अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, उलट सरावतात. तेच जंतू पत्नीला लागतात. तिच्यावर औषध चालत नाही आणि ती दगावते.

असे का व्हावे? कोट्यवधी जंतूंत औषधाला दाद न देणारे थोडे असतातच. अपुरी वा अनावश्यक मात्रा दुबळ्यांना मारते आणि चिवटांना रान मोकळे करून देते. शेतकरी उत्तम बियाणे निवडतो, तसे आपण नकळत वाईटाचे बियाणे निवडतो.

क्षयाच्या बाबतीत हा अनुभव लवकरच आला. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत स्ट्रेप्टोमायसिनने रोगी प्रथम सुधारले. परंतु पुढे त्यांतील बहुतेकांचे जंतू त्या औषधास पुरून उरले. म्हणूनच अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली.

आपल्या मुंबईने यातून किती बोध घेतला? १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शंभर खाजगी डॉक्टरांनी क्षयासाठी ऐंशी निरनिराळे उपचारक्रम लिहून दिले होते. २०१० साली धारावीतील पाहणीत १०६ डॉक्टरांपैकी अवघ्या सहांचे उपचारपत्र बरोबर निघाले! पुढच्याच वर्षाच्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तपासलेल्या एकाही औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे रोगी जगापुढे मांडले. तेव्हा सारा दोष रोग्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

१ मार्च २०१४ पासून कायद्याने कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यास बंधनकारक केले. परंतु कायद्याचा हात घरातील औषधांच्या डब्यापर्यंत पोहोचत नाही. तेथे आपलीच शिस्त हवी. साधे पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर प्रतिजैविकाचा उपयोग नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते घेऊ नये, बरे वाटले म्हणून मनानेच थांबवू नये, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यास देऊ नयेत. आणि डॉक्टरांना, "हे खरोखर आवश्यक आहे काय?" असे विचारण्यात संकोच कसला?

मढच्या कोळी बांधवांना हे तत्त्व नवे नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. दर्या कोणा एकाच्या मालकीचा नाही, म्हणून मासळी वाढावी यासाठी सर्वांनीच हात आखडावयाचा असतो. एकाने जाळे टाकले तर त्याचे तोटे साऱ्या किनाऱ्याला भोगावे लागतात. औषधाचा गुण हीदेखील अशीच सर्वांची सामाईक ठेव आहे. फरक एवढाच की, दोन महिने कळ काढली तर मासळी पुन्हा वाढते. निकामी झालेले औषध पुन्हा गुण देईल याची मात्र शाश्वती नाही.