घरपट्टीवरची हरकत

वर्धा हे आखून वसवलेले शहर आहे. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे ठाणे उभे राहिले. हिंगणघाट आणि आर्वी या जुन्या बाजारपेठांना १८६७ मध्ये नगरपालिका मिळाली होती, वर्ध्याला ती १८७४ मध्ये मिळाली. या नगरपालिकांचा संसार बराचसा चुंगीवर चाले. गावात येणाऱ्या मालावर नाक्यावर पैसे घ्यायचे, घरांना शक्यतो हात लावायचा नाही, अशी ती घडी होती. चुंगी मालाच्या किमतीत मिसळून जाई. शेवटी ती भरणाऱ्या गिऱ्हाइकाला तिचा आकडा कधी दिसतच नसे. घरपट्टीचे तसे नाही. ती मालकाचे नाव, घर क्रमांक आणि रक्कम घेऊन दारात येते. १९९९ साली महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात बंद झाली, तेव्हापासून स्वतःच्या उत्पन्नासाठी त्यांची सगळी भिस्त या दारात येणाऱ्या करावर आली. फेरआकारणीची नोटीस आली की गावात जी खळबळ उडते, तिचे एक कारण मला इथे दिसते.

या करावर हरकत घेण्याचा इतिहास शोधू लागलो, तर तो दूर कुठे जाण्याऐवजी आधी सेवाग्रामलाच येऊन पोचला. इतिहास-संशोधक धरमपाल यांनी आयुष्याची शेवटची वर्षे सेवाग्राम आश्रमात काढली. २००६ साली त्यांचे तिथेच निधन झाले. भारतीय परंपरेतील सविनय कायदेभंगावरचे त्यांचे पुस्तक १९७१ साली प्रसिद्ध झाले. त्याचा गाभा आहे बनारसचे १८१०-११ सालचे आंदोलन, आणि ते आंदोलन होते घरपट्टीविरुद्ध. कंपनी सरकारने १८१० च्या पंधराव्या रेग्युलेशनने घरांच्या वार्षिक भाड्यावर कर बसवला. मोजणीदार गल्ल्यांत फिरू लागताच शहराने व्यवहार थांबवले. लोहार, विणकर, नावाडी कामावरून उठले. हजारो माणसे घरे सोडून उघड्या मैदानात, ऐन पौषातल्या थंडीत, धरणे धरून बसली. त्यांनी अर्जही केले. पूर्वीच्या राजांनी असा कर घेतला नव्हता; घर हे उत्पन्नाचे साधन नाही, उलट त्याच्या डागडुजीलाच पैसे लागतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. आधी देवस्थाने आणि गरिबांची घरे यांना सूट मिळाली, आणि १८१२ पर्यंत तो करच मागे घेण्यात आला.

धरमपालांना या कागदांत सत्याग्रहाची जुनी मुळे दिसली. मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. बनारसकरांची हरकत कराच्या हक्कालाच होती, आकड्याला नव्हती. आपल्या घराचे भाडे अमुक धरले ते तमुक धरा, असे म्हणत ते मैदानात बसले नव्हते. आज आपण करतो ती हरकत वेगळ्या जातीची आहे. कर आपण मान्य केलेला आहे, भांडण आहे ते मोजमापाशी. आणि मोजमापाशी भांडायचे तर ते कोणत्या रीतीने झाले, हे मालकाला कळले पाहिजे आणि खोडता आले पाहिजे. इतकी साधी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यावी लागली, तीही एका मराठी गावातल्या गिरणीमुळे.

ते गाव म्हणजे सोलापूर जिल्ह्यातले बार्शी. तिथल्या नगरपालिकेने गिरण्या आणि कारखान्यांच्या घरपट्टीसाठी सोपा नियम केला: इमारतीचे क्षेत्रफळ मोजायचे आणि दर शंभर चौरस फुटांमागे ठराविक वार्षिक भाडे धरायचे. इमारत जुनी की नवी, भाडेकरू तिच्यासाठी खरोखर काय देईल, हा प्रश्नच उरला नाही. लोकमान्य मिल्सने हा नियम थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९६१ मध्ये तो रद्द झाला. न्यायालयाचे एक कारण असे की कायद्यातले मूल्य म्हणजे ती मालमत्ता भाड्याने दिल्यास वाजवीपणे मिळेल ते भाडे. चौरस फुटांचा ठोक दर त्याची जागा घेऊ शकत नाही. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. कायद्याने करदात्याला मूल्यमापनावर हरकत घेण्याचा हक्क दिला आहे. ठोक दर लावला की हरकत घ्यायला फक्त क्षेत्रफळ उरते, आणि तो हक्क नावापुरता राहतो. हिंगणघाट आणि पुलगाव या गिरणीगावांच्या आपल्या जिल्ह्यात हा निकाल फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही, याचे मला नवल वाटते.

१९६५ चा महाराष्ट्राचा नगरपरिषद कायदा याच विचारावर उभा होता. वाजवी वार्षिक भाडे काढायचे, दुरुस्तीपोटी त्यातून दहा टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य. दर चार वर्षांनी आकारणी यादी नव्याने करायची, ती लोकांना पाहायला ठेवायची, हरकती मागवायच्या आणि ऐकायच्या. यात एक खोच आहे, ती पुष्कळांना बिल हातात पडल्यावरच कळते. ज्याने यादीच्या वेळी मुदतीत लेखी हरकत घेतली नाही, त्याचे पुढचे अपील सहसा दारातच अडते. शिवाय अपील करायचे तर मागणीची रक्कम आधी जमा करावी लागते. दुकानदाराला ते एकवेळ जमते. पेन्शनवर जगणाऱ्या विधवेला जमेलच असे नाही.

पुढे वारे भांडवली मूल्याकडे वळले. मुंबईने १ एप्रिल २०१० पासून घरभाड्याऐवजी मालमत्तेच्या किमतीवर, म्हणजे रेडी रेकनरच्या दरावर, कर बसवला. त्यात मोकळ्या जमिनीवर पुढे कधी किती बांधकाम होऊ शकेल, तेही मोजण्यात आले. मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द ठरवले: मूल्य आज आहे त्या मालमत्तेचे धरायचे, उद्या होऊ शकेल अशा इमारतीचे नाही. भांडवली मूल्याची पद्धत मात्र कायम राहिली.

वर्ध्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. शहर कधीच नगरपालिकेच्या हद्दीबाहेर पसरले. पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी ही कागदोपत्री खेडी, प्रत्यक्षात शहराच्या वस्त्या. तिथे ग्रामपंचायतीची घरपट्टी लागते, आणि २०१५ च्या अखेरीस झालेल्या नियमदुरुस्तीनंतर तीही भांडवली मूल्यावर निघते: जमिनीचा दर, बांधकामाचा दर, त्यावर घसारा, आणि राहते घर की दुकान याचा भारांक. हद्दीच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. घरे मात्र एकाच गवंड्याने बांधलेली. ग्रामपंचायतीच्या आकारणीवर अपील पंचायत समितीकडे तीस दिवसांत करता येते, त्यानंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे.

तरी खेड्यात हरकती कमी येतात. माझ्या मते याचे कारण नमुना आठमध्ये आहे. हा खरे तर कर आकारणीचा उतारा. पण लोक त्याच्याकडे घराच्या मालकीचा कागद म्हणूनच पाहतात, आणि कर्जाच्या वेळी तोच मागितला जातो. आकड्यावरून तक्रार केली तर नावाचीच भानगड निघेल, ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. तिला आधार नाही. आकारणीवरची हरकत आकारणीपुरतीच असते.

भांडवली मूल्याच्या सूत्रात बार्शीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. दर सरकारी तक्त्यातून येतो, तो चूक आहे असे घरमालकाने स्थानिक सुनावणीत सांगून उपयोग नाही. पण बार्शीच्या नियमापेक्षा इथे खोडण्याजोग्या जागा जास्त आहेत. मोजलेले क्षेत्रफळ, बांधकामाचे वर्ष, छत टिनाचे की स्लॅबचे, वापर राहण्याचा की धंद्याचा: यांतली प्रत्येक नोंद माणसाने केलेली असते. चाळीस वर्षांपूर्वीचे मातीचे घर नवे पक्के म्हणून नोंदले गेले, तर घसाऱ्याचा सगळा लाभ जातो. समोरच्या खोलीत शिवणयंत्र ठेवले म्हणून पूर्ण घराला दुकानाचा भारांक लागला, तर तोही मुद्दा मांडता येतो. त्यासाठी बांधकाम परवानगी, जुन्या वीजबिलांची तारीख, आधीच्या आकारणीचा उतारा आणि घरी स्वतः टेप लावून काढलेले माप अर्जाला जोडावे, अर्जाची पोच घ्यावी, आणि सुनावणीच्या दिवशी मोजणी कोणत्या तारखेला कुणी केली, हे आधी विचारावे.