प्रेमाला जागा लागते!

मंडळी, गो. नी. दांडेकरांची 'शितू' वाचली आहे का? नसेल तर एखाद्या निवांत रविवारी जरूर वाचा. १९५३ सालची छोटीशी कादंबरी आहे. कोकणातलं गाव, खाडी, खोताचं घर. लहानपणीच विधवा झालेली, 'पांढऱ्या पायाची' म्हणून गावानं ओवाळून टाकलेली शितू. तिला आसरा देणारे अप्पा खोत आणि त्यांचा व्रात्य मुलगा विसू. शेवट सांगत नाही, पण रुमालाची सोय करून बसा.

आमच्या ग्रुपमध्ये ज्यांनी ज्यांनी वाचली, त्या सगळ्यांची एकच तक्रार - "अरे, पण ते बोलत का नाहीत?" विसूला ती आवडते, तिला तो आवडतो, वाचकाला हे केव्हाच कळलेलं असतं. तरी पानामागून पानं जातात आणि प्रेम नुसतं राखेखालच्या निखाऱ्यासारखं धुमसत राहतं. मग कुणीतरी म्हणतं, जुना काळ, लाजरीबुजरी माणसं, दुसरं काय!

मला हे 'लाजरीबुजरी' प्रकरण काही पटत नाही. यामागे भक्कम इतिहास आहे, आणि तो लाजेचा नसून जागेचा आहे. म्हणजे काय, ते सांगतो.

प्रेम जमायचं तर दोन माणसं भेटायला लागतात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि घरच्यांच्या नजरेपासून थोडं लांब. आता शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं गाव डोळ्यांपुढे आणा. पाणवठा, खळं, देऊळ, जत्रा... प्रत्येक ठिकाणी दहा डोळे. त्यात मुलीचं लग्न बहुतेक वेळा ती खेळायच्या वयात असतानाच उरकलेलं. शारदा कायदा आला १९२९ साली, आणि त्यानं मुलीच्या लग्नाचं वय किमान किती ठरवलं? तर १४! यावरून त्याआधी काय चालत असेल ते ओळखा. मग लग्नाआधीचं प्रेम दाखवायचं तरी कुणाचं?

म्हणून मराठी कादंबरी सुरुवातीपासून विधवेच्या दाराशी घुटमळताना दिसते. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६चा. लगेच पुढच्या वर्षी, १८५७ साली, बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं, विधवांच्या हालांवरच. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचं नाव घेतो. (एक खुलासा - अनेक शेतकरी-कष्टकरी जातींत विधवेचं पुन्हा लग्न व्हायचं, त्याला पाट किंवा म्होतूर म्हणत. पण तिथेही बहुधा जुळवणारे थोरलेच असत.)

कायदा झाला म्हणून गाव बदललं का? याचं उत्तर कादंबरीत नाही, एका खऱ्या लग्नात आहे. धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले महर्षी कर्वे, कोकणातल्या मुरुडचे. पहिली पत्नी गेल्यावर त्यांनी १८९३ साली पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. त्या बालविधवा होत्या. कायदा होऊन तोवर तब्बल ३७ वर्षं झाली होती. तरी नवं जोडपं मुरुडला गेलं तेव्हा गावानं कर्व्यांवर बहिष्कार टाकला.

आता यातली जागा बघा. गोदूबाई कोकणातच राहिल्या असत्या तर हे लग्न कधी झालं असतं का? त्यांचे भाऊ मुंबईत कर्व्यांचे स्नेही होते. आणि गोदूबाई शिकत होत्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात. हे सदन १८८९ साली मुंबईत सुरू झालं आणि मग पुण्याला हललं. एक मोठं शहर आणि एक मुलींची शाळा. एवढं मध्ये आलं म्हणून हे लग्न होऊ शकलं.

पुढची गंमत अशी की हीच जागा कादंबरीतही आली. १९२०च्या दशकाच्या शेवटी ना. सी. फडक्यांच्या 'जादूगार', 'दौलत' वगैरे कादंबऱ्या गाजायला लागल्या. सुशिक्षित तरुण-तरुणी, कॉलेज, टेनिस, चुरचुरीत संवाद. लोक त्यांना हसतात, पण मला वाटतं फडक्यांनी फक्त नवीन जागा हेरली होती. स्वतः कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक. मुली कॉलेजात येताना त्यांना दिसत होत्या. शहराला प्रेम करायला एक इमारत मिळाली होती!

गावाला कुठे मिळाली होती? म्हणून दांडेकर काय करतात बघा. शितूला ते खोताच्या घरातच आणून ठेवतात. भेटायला बाहेर जागाच नाही, तर एकच छप्पर द्या. पण तिथेच गाठ पडते. कारण ती त्या घरात आश्रित आहे आणि तो घरच्या धन्याचा मुलगा. दोघांत फक्त लाज नाही, उपकाराचं ओझं आहे, आणि वर गावानं मारलेला अपशकुनाचा शिक्का. तिनं तोंड उघडलं तर जाणार कुठे?

आणि खोताचं घर म्हणजे नुसतं मोठं घर नव्हे. खोत हा कोकणात सारा वसूल करणारा, कुळांवर हुकमत असलेला माणूस. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांविरुद्ध संप केला होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. कायदा झाला १९४९ साली. म्हणजे 'शितू' आली तेव्हा खोती जाऊन चारच वर्षं झाली होती. दांडेकरांचे अप्पा खोत मायाळू आहेत, पण मायाळू माणसाच्या घरातही पोरीला हक्काची जागा मिळाली नाही, ती मिळाली फक्त मेहेरबानीची. कादंबरी एवढी सावकाश जळते ती याच्यामुळे.

आता आमच्या सातपूरकडे या. त्र्यंबक रोडवरचं हे एके काळचं गाव. मग एमआयडीसी आली, कारखाने आले, आणि १९८२ साली नाशिक महापालिका झाली तेव्हा सातपूर तिच्यात गेलं. आसपासच्या तालुक्यांतून पोरं-पोरी इथे कामाला यायला लागल्या. कंपनीची बस, कॅन्टीन, चहाची टपरी, कॉट बेसिसवरच्या खोल्या. आमच्यासारख्यांना त्यात भर म्हणून ऑफिसची पँट्री. फडक्यांनी जे कॉलेजात पाहिलं ते आता इथे शिफ्ट सुटल्यावर दिसतं :)

२०१६ साली 'सैराट' आला, तेव्हा तर कॉलेज थेट करमाळ्याकडच्या पोरापोरींपर्यंत पोचलेलं दिसलं. आर्ची आणि परश्या एकाच वर्गात. म्हणून तर ती शितूसारखी गप्प बसत नाही, बुलेटवर येते! जागा मिळाली, प्रेम भरधाव निघालं. आणि शेवटी काय झालं ते आपण सगळ्यांनी थिएटरात सुन्न बसून पाहिलं. म्हणजे नुसती भेटायची जागा पुरत नाही. भेटल्यानंतर राहायची जागाही लागते, आणि ती आजही सहज मिळत नाही.

माझा एक मित्र आहे, गावाकडे द्राक्षबागा असलेला. चार वर्षं एका मुलीबरोबर आहे. जात वेगळी. घरी अजून एक शब्द बोललेला नाही. दर वीकेंडला गावी जातो, बागेत फवारणी करतो, आईच्या हातचं जेवतो आणि परत येतो. ती विचारते, "कधी सांगणार?" हा म्हणतो, "सीझन संपू दे." असे चार सीझन संपले.

त्याला लाजरा म्हणायची माझी हिंमत नाही. तो बागेचा, आईचा, गावाच्या नजरेचा हिशोब करतोय. पण त्याच्याकडे निदान नोकरी आहे, भाड्याचा फ्लॅट आहे, १९५४ सालचा विशेष विवाह कायदा आहे. शितूकडे यातलं काहीच नव्हतं. तिचं गप्प राहणं तिच्यावर लादलेलं होतं. त्याचं गप्प राहणं अजून तरी त्याच्या हातात आहे, आणि त्याची किंमत दर सीझनला ती मुलगी मोजतेय.

'शितू' त्याला वाचायला दिली आहे. बघू या, पुढचा सीझन यायच्या आत संपवतो का.