लत्तलूर आणि नांदीकड : दोन ग्रामनामांचा विचार

रट्टांनीं वसविलें म्हणून रट्टपूर, व त्याचा अपभ्रंश लातूर, अशी एक व्युत्पत्ति कित्येक सांगत असतात. ती आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

अमोघवर्ष राष्ट्रकूटाच्या शके ७८८ (इ. स. ८६६) च्या शिरूर येथील शिलालेखांत त्यास लत्तलूर नगराचा स्वामी म्हटलें आहे. सौंदत्तीच्या रट्टांच्या लेखांत तेंच नांव लत्तनूर असेंहि आढळतें. फ्लीटनें हें स्थळ प्रथम बिलासपुराकडील रतनपूर मानलें होतें. पुढें लातूरच सर्वमान्य झालें. वर्णांचा न्यायहि तसाच आहे. सप्ताचें सत्त, मग सात. भक्ताचें भत्त, मग भात. त्याचप्रमाणें लत्तचें लात. दोन लकारांपैकीं एक उच्चारांत गळाला, आणि 'ऊर' हा तर गांव या अर्थाचा कानडी शब्द. मूळ 'रट्ट' असतें तर पट्टाचा जसा पाट झाला तसें येथें लाटूर व्हावयास हवें होतें.

राष्ट्रकूट हें मूळचें अधिकारनाम दिसतें. ग्रामकूट म्हणजे गांवचा मुख्य, तसा राष्ट्रकूट प्रांताचा; आपल्याकडे देशमुख हें आडनांव झालें तें याच रीतीनें. लत्तलूर मात्र वतनाचें नव्हे, मूलस्थानाचें स्मरण होय. सौंदत्तीस राज्य करणारानें लत्तनूरचें बिरुद मिरवावें, शिलाहारांनीं कोंकणांत बसून तगरचें म्हणजे तेरचें मिरवावें, यांत नवल नाहीं. लातूरकर किंवा नांदेडकर हें आडनांव तरी गांव सोडलेल्यासच बहुधा पडतें. गांवांत राहणारास त्याची गरज काय? इंग्लंडांतहि हाच प्रकार. डरहॅम परगण्यांतील वॉशिंग्टन गांवावरून एका घराण्यास नांव मिळालें, आणि त्या घराण्यांतील पुरुषावरून अमेरिकेच्या राजधानीस.

नांदेडचें प्रकरण अधिक नाजूक आहे. नंदीनें गोदातटीं तप केलें म्हणून नंदितट, हें माहात्म्य सर्वश्रुत आहे, आणि तटाचें तड, यड, शेवटीं एड होणें अशक्यहि नाहीं. परंतु १९३९ सालीं उजेडांत आलेल्या वाशीम ताम्रपटांत, म्हणजे वाकाटक दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ३७ व्या राज्यवर्षाच्या दानपत्रांत, नांदीकड असें रूप आहे. दानाचा भाग प्राकृतांत आहे. प्राकृत लिहिणारानें तटाचें तड केलें असतें. तेथें ककार घालण्याचें त्यास कारण नव्हतें. ककार लोपून नांदीअड, नांदेड हा क्रम सरळ लागतो. सबब नंदितट हें मागाहून केलेलें संस्कृतीकरण असावें असें आमचें मत आहे. 'कड' म्हणजे कडा, कीं आणखी कांहीं, हें एका ताम्रपटावरून ठरवूं नये.

यास्तव संग्राहकांस एक विनंति आहे. महजर, सनदा, पोथ्यांच्या पुष्पिका यांची नक्कल करतांना ग्रामनामें 'शुद्ध' करूं नयेत. नांदेर, लात्तूर, जसें दिसेल तसेंच, ऱ्हस्वदीर्घासह, उतरावें; आणि लेखकाची चूक वाटल्यास ती समासांत नोंदावी, मजकुरांत सुधारूं नये.