पाणबुडी-दलातील मनुष्यबळाचा प्रश्न : एक ऐतिहासिक विचार

पाणबुडीच्या इतिहासात यंत्राची हकीकत विस्ताराने सांगितली जाते. ते यंत्र चालविणाऱ्या माणसांचा हिशेब मात्र सहसा थोडक्यात उरकला जातो. वास्तविक, ज्या राष्ट्रांनी पाणबुड्यांचे दल उभारले, त्यांतील अनेकांना नौका बांधण्याइतकीच, किंबहुना कधी कधी त्याहून अधिक अडचण माणसे मिळविण्याची व मिळालेली माणसे टिकविण्याची पडली आहे. ह्या अडचणीचे कारण सर्वसाधारणपणे ‘धोका’ ह्या एका शब्दात सांगितले जाते. हे कारण इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिका, ऑस्ट्रेलिया व ब्रिटन ह्या तीन देशांच्या अनुभवावरून करावयाचा आहे.

प्रारंभीच्या काळात धोक्याची कल्पना प्रबळ होती ह्यात शंका नाही. २५ ऑगस्ट १९०५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी ‘प्लंजर’ ह्या पाणबुडीतून स्वतः बुडी मारली. त्यांना तेथे दोन गोष्टी खटकल्या. एक, ह्या नौकांवरील कष्टांच्या व जोखमीच्या मानाने खलाशांना मोबदला नव्हता. दुसरी, ही सेवा किनाऱ्यावरील सेवेत गणली जात असल्याने ती पत्करणाऱ्या अधिकाऱ्याच्या बढतीस बाध येई. त्याच वर्षी निघालेल्या आज्ञेने पात्र खलाशांना मासिक भत्ता आणि पाण्याखाली गेलेल्या प्रत्येक दिवसाबद्दल एक डॉलर मिळू लागला. तसेच ही सेवा समुद्रसेवेच्या बरोबरीची मानण्याचे धोरण आले. पुढील काळात पैशाची तरतूद सर्वांच्या ध्यानात राहिली. प्रतिष्ठेच्या व बढतीच्या प्रश्नाकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष झाले.

धोका हेच जर मूळ कारण असते, तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे पाणबुडी-दल ओस पडावयास हवे होते. त्या युद्धात अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या नष्ट झाल्या. गस्तीवर गेलेल्या सुमारे १६,००० माणसांपैकी सुमारे ३,५०० परत आली नाहीत. म्हणजे पाचांत एकाहून अधिक माणसे दगावली. तरीही हे दल स्वेच्छेने आलेल्यांचे होते व त्याला माणसांची वाण पडली नाही. ह्याचे श्रेय केवळ देशभक्तीस देऊन भागणार नाही. गस्तीवरून नौका परतली की, तिची देखभाल बदली तुकडी हाती घेई आणि मूळ तुकडी सुमारे दोन आठवडे विश्रांतीसाठी जाई. होनोलुलूमधील ‘रॉयल हवाईयन’ हे प्रसिद्ध हॉटेल नौदलाने ह्याच कामी लावले होते. शिवाय, प्रत्येक गस्तीनंतर काही माणसांना किनाऱ्यावर ठेवून त्यांच्या जागी नवी माणसे घेतली जात. मृत्यूची शक्यता मोठी होती. परंतु कष्टांना शेवट आहे आणि आपली जागा घेणारा कोणी आहे, हे प्रत्येकास ठाऊक होते.

अणुशक्तीच्या आगमनाने ही स्थिती पालटली. जानेवारी १९५५ मध्ये ‘नॉटिलस’ अणुशक्तीवर निघाली आणि पाण्याखाली राहण्याची मर्यादा यंत्राकडून माणसाकडे आली. इंधन व हवा ह्यांची चिंता मिटली. आता अन्नाचा साठा आणि माणसाची सहनशक्ती ह्यांवरच गस्तीची लांबी अवलंबून राहिली. नोव्हेंबर १९६० मध्ये क्षेपणास्त्रे घेऊन निघालेली ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ ६६ दिवसांनी परतली. ही मर्यादा नौदलाने जाणली होती. म्हणून ह्या जातीच्या प्रत्येक नौकेसाठी ‘निळी’ व ‘सोनेरी’ अशा दोन स्वतंत्र तुकड्या नेमण्यात आल्या. १९६७ पर्यंत अशा ४१ नौका सेवेत आल्या. म्हणजे शंभराहून अधिक माणसांची एक, अशा ८२ तुकड्या हव्या होत्या.

येथूनच नवी अडचण सुरू झाली. अणुभट्टी सांभाळणारा अधिकारी ॲडमिरल हायमन रिकोव्हर स्वतः मुलाखत घेऊन निवडीत. त्यानंतर शाळेतील व प्रत्यक्ष भट्टीवरील शिक्षणास सुमारे एक वर्ष लागे, आणि नौकेवर पात्रता मिळविण्यास आणखी अवधी जाई. असा तयार झालेला मनुष्य नागरी अणुवीज केंद्रांना व उद्योगांना हवाच होता. दलाने दिलेली विद्याच त्याला दलाबाहेर नेऊ लागली. १९६९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, आणखी चार वर्षे सेवेत राहण्याचे मान्य करणाऱ्या अशा अधिकाऱ्यास १५,००० डॉलरपर्यंत विशेष वेतन देण्याचा कायदा केला. १९०५ चा डॉलर बुडी मारण्याबद्दल होता. १९६९ चे डॉलर निघून न जाण्याबद्दल होते. चौसष्ट वर्षांत प्रश्नाचे स्वरूप किती पालटले, हे ह्या एका फरकावरून स्पष्ट होते.

तथापि, पैशाने प्रश्न कोठवर सुटतो, हे ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरून अधिक स्वच्छ दिसते. १९९६ ते २००३ ह्या काळात त्या देशाने ‘कॉलिन्स’ वर्गाच्या सहा पाणबुड्या सेवेत घेतल्या. त्याच सुमारास दलाचा तळ सिडनीहून तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, पर्थजवळ हलविण्यात आला. ज्या खलाशांची घरे, पत्नीची नोकरी व मुलांच्या शाळा पूर्व किनाऱ्यावर होत्या, त्यांतील अनेकांना हे स्थलांतर मानवले नाही. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणउद्योगाची भरभराट झाली आणि कुशल तंत्रज्ञांना तेथे घसघशीत वेतन मिळू लागले. २००८-०९ च्या सुमारास सहापैकी केवळ तीन पाणबुड्यांना पुरतील एवढीच माणसे उरली.

ह्या घसरणीमागील क्रम अभ्यासण्याजोगा आहे. नौका दुरुस्तीत अडकल्या की, नवशिक्यांना समुद्रावर शिकण्याची जागा मिळत नाही. नवे लोक पात्र झाले नाहीत की, जुन्यांनाच पुनःपुन्हा पाठविले जाते. किनाऱ्यावरील त्यांची पाळी हुकते. थकलेले जुने लोक राजीनामा देतात, आणि शिकविणारेही कमी होतात. २००८ मधील चौकशीनंतर हे चक्र तोडण्याचे प्रयत्न झाले. त्यांतील एक उपाय वरवर विपरीत वाटेल असा होता : माणसांची टंचाई असताना प्रत्येक नौकेवरील मूळची ४२ ही संख्या वाढवून ५८ करण्यात आली. मात्र त्यामागील विचार अचूक होता. कमी माणसांत चालणारी नौका कागदावर स्वस्त असते. प्रत्यक्षात ती आपली माणसे लवकर झिजवते.

ब्रिटनचा अलीकडचा अनुभव ह्याच निष्कर्षास पुष्टी देतो. एप्रिल १९६९ पासून त्या देशाची एक तरी अण्वस्त्रधारी पाणबुडी अखंड गस्तीवर आहे. ह्या वर्गाच्या चारच नौका, आणि त्यांपैकी ‘व्हॅनगार्ड’ डिसेंबर २०१५ पासून मे २०२३ पर्यंत दुरुस्तीत गुंतलेली. परिणामी पूर्वी सुमारे तीन महिन्यांच्या असणाऱ्या गस्ती पाच महिन्यांच्याही पुढे गेल्या. गोदीतील विलंबाची किंमत समुद्राखालील खलाशाने व त्याच्या वाट पाहणाऱ्या कुटुंबाने भरली. गस्तीवरील मनुष्यास घरून येणारा मोजक्या शब्दांचा संदेश वाचता येतो. त्याला उत्तर देता येत नाही. २०११ मध्ये ब्रिटनने स्त्रियांना ह्या दलात प्रवेश देण्याचा निर्णय केला; तेणेकरून निवडीचे क्षेत्र रुंदावले. परंतु भरतीचे दार रुंद केल्याने मागचे दार बंद होत नाही.

वरील विवेचनावरून असे म्हणावयास हरकत नाही की, पाणबुडी-दलाची टंचाई ही मुळात धैर्याची टंचाई नव्हे. ती वेळेची टंचाई आहे. बारा वर्षांचा अनुभव असलेला यंत्रज्ञ बारा वर्षांनीच तयार होतो. द्रव्य खर्चून तो अवधी कमी करता येत नाही. म्हणून दलातून जाणारा प्रत्येक मनुष्य केवळ एक जागा रिकामी करीत नाही, तर मागे राहिलेल्यांच्या विश्रांतीचा वाटाही घेऊन जातो. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये अणुशक्तीवरील पाणबुड्या घेण्याचे ठरविले आहे, आणि अमेरिकेकडून यावयाच्या ‘व्हर्जिनिया’ वर्गाच्या नौकेस ‘कॉलिन्स’च्या दुपटीहून अधिक माणसे लागतात. तेथील पहिले अधिकारी २०२३ मध्ये अमेरिकेतील अणुशक्ती-विद्यालयातून शिकून बाहेर पडले. ती योजना सफल होईल की नाही, हे नौका केव्हा मिळतात एवढ्यावरच ठरणार नाही. हे अधिकारी आणखी दहा वर्षांनी त्याच सेवेत असतील की नाही, ह्यावरही ते तितकेच अवलंबून राहील.